सान लोकांचं बदलतं जगणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या सान लोकांविषयी मराठीत फार थोडं छापून येतं, आणि जे येतं ते बहुतेक 'जगातली शेवटची आदिम जमात' या धाटणीचं असतं. त्यामुळे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर ती पुन्हा न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सान म्हणजे नेमके कोण? ते कुठे राहतात?

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या प्रदेशातले हे सर्वांत जुने रहिवासी. आज ते मुख्यतः बोट्सवाना आणि नामिबियात राहतात. दक्षिण आफ्रिका, अंगोला, झांबिया आणि झिंबाब्वेत त्यांची संख्या कमी आहे. सगळे मिळून लाखभर किंवा त्याहून थोडे जास्त भरतील. ही एकच एक जमात नाही. जुहोआन्सी, ग्वी, गाना, नारो, ख्वे, खुन, हाइओम, खोमानी असे अनेक समूह आहेत. त्यांच्या भाषा इतक्या वेगळ्या आहेत की एकाचं बोलणं दुसऱ्याला कळेलच असं नाही. 'सान लोक असं करतात' हे वाक्य कुठेही वाचलंत, तर 'कुठले सान?' असं आधी विचारावं. या पानावर मी शक्य तिथे समूहाचं नाव दिलं आहे.

२. 'बुशमन' म्हणावं की 'सान'?

दोन्ही नावं बाहेरच्यांनी दिलेली आहेत आणि दोन्हींमध्ये हिणवण्याचा इतिहास आहे. बोट्सवानात सरकारी नाव 'बासार्वा' आहे, तेही अनेकांना आवडत नाही. त्यांच्या संघटनांनी एकत्रित ओळखीसाठी 'सान' स्वीकारलं आहे, म्हणून आपणही तेच वापरावं. काही जण स्वतःला अभिमानाने बुशमन म्हणवतात, तेव्हा त्यांना दुरुस्त करायला जाऊ नये. समूहाचं नाव माहीत असेल तर ते सर्वांत चांगलं.

३. ते आजही शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगतात का?

फक्त त्यावर जगणारं आज जवळजवळ कोणीच नाही. एकाच घरात काय काय चालतं ते पाहा. आजीचं सरकारी पेन्शन येतं, मुलगा गुरांच्या मालकाकडे राखणीला असतो, सून शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी ओवून विकते. महिन्याला मक्याच्या पिठाचं रेशन मिळतं, आणि पाऊस बरा झाला की सगळे रानात जाऊन कंद, बोरं, कवचफळं आणतात. नामिबियात 'डेव्हिल्स क्लॉ' नावाच्या औषधी कंदाचे काप वाळवून विकणं हे अनेक घरांचं रोख उत्पन्न आहे. रान सुटलेलं नाही, पण एकट्या रानावर भागत नाही. शिकारीला परवानगी कुठे आहे आणि कुठे नाही, ते प्रश्न १० मध्ये.

४. मग पूर्वीचं जगणं नेमकं कसं होतं?

जुहोआन्सींविषयी सर्वांत जास्त नोंदी आहेत. १९५० नंतर नामिबियातल्या 'न्याय न्याय' नावाच्या भागात आणि १९६३ पासून बोट्सवानातल्या डोबे परिसरात अभ्यासक त्यांच्यासोबत राहिले. पंधरा-वीस, क्वचित तीस माणसांची टोळी असे. पाणी आणि अन्न पाहून ती मुक्काम हलवी. पोटाचा मुख्य आधार शिकार नव्हता. डोबेत अन्नाचा बराच मोठा भाग वनस्पतींचा होता आणि तो बहुतांशी बायका आणत. खणायची अणकुचीदार काठी, चामड्याची झोळी आणि कुठल्या वाळलेल्या वेलाखाली पाणीदार कंद आहे याची नजर, एवढ्यावर घर चाले. मोंगोंगोचं कवचफळ हे तिथलं खात्रीचं अन्न. ते महिनोन् महिने झाडाखाली पडून राहिलं तरी खराब होत नाही.

शिकारीचा बाण मात्र जवळून पाहण्यासारखा आहे. एका भुंग्याच्या अळ्या ठरावीक झुडपाच्या मुळांजवळ जमिनीत कोशात असतात. त्या खणून काढतात, कोश फोडून अळी बोटांत दाबतात आणि तिचा रस बाणावर लावतात. तो टोकावर लावत नाहीत, टोकाच्या जरा मागे लावतात. चुकून टोक लागलं तर माणूस वाचावा म्हणून ही काळजी. हे विष सावकाश भिनतं. मोठं हरिण पडायला कित्येक तास, कधी दिवसही लागतो. त्यामुळे खरी शिकार बाण लागल्यानंतर सुरू होते. कळपाच्या शेकडो खुरांतून त्या एकाच जखमी जनावराचा माग काढत जायचं असतं.

'आठवड्याला जेमतेम अडीच दिवस काम, बाकी आराम' हा आकडा तुम्ही वाचला असेल. तो १९६४ च्या डोबेतल्या नोंदीतून आला आहे आणि फक्त अन्न मिळवण्याच्या वेळेचा आहे. कवचं फोडणं, सरपण, स्वयंपाक आणि हत्यारांची दुरुस्ती धरली की काम आठवड्याला चाळीस तासांच्या आसपास जातं, हे त्याच अभ्यासकाने पुढे मांडलं. पहिला आकडा जगभर फिरला, दुसरा मागे राहिला. सान लोक निवांत जगत असा सुखद समज त्यामुळे पसरला. दुष्काळात लहान मुलं दगावत, हे त्या समजात बसत नाही.

५. मांस सगळ्यांत वाटायचे असं ऐकलं आहे. वाटणी कोण ठरवायचं?

जुहोआन्सींत नियम असा, की ज्याचा बाण, त्याची शिकार. बाण मारणाऱ्याचाच असे असं नाही. पुरुष एकमेकांना बाण देत. म्हातारा, लंगडा, किंवा शिकारीला कधीच न जाणारा माणूसही आपल्या बाणामुळे मांसाचा वाटेकरी होई, आणि वाटणीची जबाबदारी त्याच्याकडे येई. त्यामुळे चांगल्या शिकाऱ्याच्या हाती सत्ता साचत नसे.

दुसरी रीत अशी, की मोठं जनावर मारून आलेल्याने बढाई मारायची नाही आणि इतरांनी मांसाला नावं ठेवायची: 'हाडंच आहेत नुसती, एवढ्यासाठी आम्हाला चालवलंस होय?' एखादा तरुण स्वतःला मोठा समजू लागला तर तो उद्या कोणाच्या तरी जिवावर उठेल, म्हणून त्याचं मन थंड करायचं, असं जाणती माणसं सांगत.

याच्या जोडीला 'हारो' म्हणजे भेटींची देवघेव होती. मण्यांची माळ, बाण, चाकू अशी वस्तू दूरच्या माणसाला द्यायची. परतफेड लगेच करायची नाही, वर्षभराने केली तरी चालते. वस्तूंपेक्षा नातं महत्त्वाचं. आपल्याकडे पाणी आटलं तर दोनशे किलोमीटरवरच्या हारोच्या जोडीदाराकडे जाऊन राहता येई. पगार आणि रेशन आल्यावर ही रीत क्षीण झाली. चांगल्या हरणाचं मांस वाटावंच लागतं, कारण ते टिकत नाही. पीठ आणि साखर कुलपात ठेवता येते. पहिला पगार घेऊन आलेल्या माणसाच्या दारात वीस नातेवाईक उभे राहतात. त्यांना काय द्यायचं यावरून आज खूप मनं दुखावतात.

६. ऐंशीच्या दशकात 'द गॉड्स मस्ट बी क्रेझी' हा बाटलीवाला सिनेमा पाहिला होता. त्यात दाखवलेलं खरं होतं का?

नाही. बाहेरचं जग माहीतच नसलेले, आकाशातून पडलेल्या बाटलीने गोंधळलेले लोक ही कल्पना आहे. प्रमुख भूमिका करणारा जुहोआन्सी माणूस न्याय न्याय भागातला होता. त्या भागाचं केंद्र असलेल्या त्सुमक्वेत १९६० च्या सुमारास सरकारी ठाणं आलं होतं. पुढे दुकान, शाळा, दवाखाना आणि दारूही आली. सत्तरच्या दशकाअखेर तिथले तरुण दक्षिण आफ्रिकेच्या लष्करात भरती होत होते (प्रश्न ११). ज्या वर्षी लोक चित्रपटगृहात हसत होते, त्याच वर्षी त्या माणसाच्या गावात भांडणं, क्षय आणि उपासमार होती. तो स्वतः क्षयाने आजारी होता आणि २००३ मध्ये वारला.

७. हजारो वर्षं ते जसेच्या तसे राहिले आणि आत्ताच बदलले, हे बरोबर आहे का?

हेही बरोबर नाही, आणि या समजाने त्यांचं फार नुकसान केलं आहे. बोट्सवानातल्या त्सोडिलो टेकड्यांवर साडेचार हजारांहून अधिक चित्रं आहेत आणि त्यांत गुरंही आहेत. पशुपालक आणि शेतकरी समूहांशी सानांचा संबंध हजार वर्षांहून जुना आहे. लोखंड, तंबाखू आणि मडकी यांचा व्यापार होता. हस्तिदंत आणि शहामृगाची पिसं त्यांच्याकडून बाहेर जात. काही समूहांनी गुरं पाळली, काहींनी दुसऱ्यांची राखली. हा संबंध किती खोल होता यावर १९८० च्या दशकापासून अभ्यासकांत मोठा वाद आहे. सगळे सान मुळात गुरं गमावलेला गरीब वर्ग होते, हे एका बाजूचं टोक मला पटत नाही. जागोजागी चित्र वेगळं होतं.

दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या सानांचं काय झालं हेही इथेच सांगायला हवं. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात वसाहतवाल्यांच्या घोडेस्वार टोळ्यांनी त्यांच्या वस्त्या संपवल्या. पुरुष मारले, बायका-मुलं मळ्यांवर कामाला नेली. तिथल्या झाम समूहाची भाषा आज कोणी बोलत नाही. १८७० च्या दशकात केपटाउनमध्ये झाम कैद्यांकडून लिहून घेतलेल्या हजारो पानांत ती उरली आहे. दक्षिण आफ्रिकेने २००० साली नवं राजचिन्ह घेतलं आणि त्यावरचं बोधवाक्य याच भाषेत लिहिलं.

८. जमीन त्यांच्या हातून गेली कशी?

प्रत्येक देशात वेगळ्या वाटेने. त्यातल्या तीन सांगतो.

कुंपण: १९५८ मध्ये बोट्सवानात कुके कुंपण घातलं गेलं. युरोपला गोमांस विकायचं तर गुरांना रोग लागू नये, म्हणून रानटी जनावरं वेगळी ठेवायची हा हेतू. ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळात पाण्याकडे निघालेले वाइल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप कुंपणांना अडून हजारोंनी मेले. ज्या माणसांचं पोट त्या कळपांवर होतं, त्यांचाही रस्ता बंद झाला.

राखीव उद्यान: १९५४ मध्ये नामिबियातल्या इटोशामधून हाइओम लोकांना बाहेर काढलं. हत्ती आणि सिंह राहिले, माणसं आसपासच्या मळ्यांवर मजूर झाली. दक्षिण आफ्रिकेतल्या १९३१ च्या कलहारी गेम्सबॉक उद्यानातून खोमानी असेच उठले.

वर्णभेदी आखणी: नामिबिया दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात असताना 'बुशमनलँड' नावाचा तुकडा आखला गेला. जुहोआन्सींच्या वापरातल्या जमिनीचा मोठा भाग त्याच्या बाहेर गेला.

परतीचं एक उदाहरणही आहे. २१ मार्च १९९९ रोजी दक्षिण आफ्रिका सरकारने खोमानींशी जमीन परत देण्याचा करार केला. उद्यानाबाहेरचे सुमारे ४० हजार हेक्टर मळे त्यांना मिळाले, पुढे उद्यानाच्या आतली सुमारे २५ हजार हेक्टर जमीनही मिळाली. पिढ्यान् पिढ्या विखुरलेल्या लोकांना एकदम सामाईक मालमत्ता मिळाल्यावर व्यवस्थापनावरून जे तंटे होतात, ते झालेच.

९. बोट्सवानात सान खटला जिंकले असं वाचलं होतं. मग प्रश्न मिटला का?

मिटला नाही. मध्य कलहारी राखीव क्षेत्र १९६१ मध्ये ब्रिटिश अमलात आखलं गेलं. ते सुमारे ५२ हजार ८०० चौरस किलोमीटरचं आहे. वन्यजीवांबरोबरच तिथले ग्वी आणि गाना लोक तिथेच राहावेत, हाही त्यामागचा हेतू होता. १९९७ आणि २००२ मध्ये सरकारने त्यांना बाहेरच्या न्यू झादे आणि काउड्वाने वसाहतींत हलवलं. २००२ मध्ये पाणी आणि रेशन बंद झालं, राखीव क्षेत्रातल्या मोथोमेलो वस्तीची कूपनलिका बंद केली गेली. वाळवंटात पाणी तोडल्यावर 'लोक स्वखुशीने गेले' हे म्हणणं मला मान्य होत नाही.

१३ डिसेंबर २००६ रोजी उच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने निकाल दिला: त्यांना जमिनीवरून काढणं बेकायदेशीर होतं. बातमी इथेच थांबते, पण पुढचं वाचायला हवं. सेवा बंद करणं न्यायालयाने बेकायदेशीर ठरवलं नाही आणि त्या पुन्हा सुरू करणं सरकारवर बंधनकारक केलं नाही. अर्जदारांपैकी हयात असलेले १८९ जण आणि त्यांची लहान मुलंच विनापरवाना परत जाऊ शकतात, असा अर्थ सरकारने लावला. इतर नातेवाइकांना आणि मोठ्या झालेल्या मुलांना परवाना घ्यावा लागू लागला. आपल्या आईला भेटायला परवाना!

पाण्यासाठी वेगळा खटला लढावा लागला. २०१० मध्ये ते हरले, आणि जानेवारी २०११ मध्ये अपील न्यायालयाने स्वतःच्या खर्चाने कूपनलिका वापरायचा हक्क दिला. डिसेंबर २०२१ मध्ये एका वृद्धाचं निधन झालं. त्याला राखीव क्षेत्रातल्या आपल्या पूर्वजांजवळ पुरायचं होतं. न्यायालयांनी नकार दिला आणि त्याचा देह जवळजवळ तीन वर्षं शवागारात पडून राहिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मानवाधिकार वकील असलेले डुमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्यानंतर दफनाला परवानगी मिळाली.

हिऱ्यांसाठीच हाकललं का, हाही प्रश्न नेहमी येतो. सरकारने ते कायम नाकारलं आहे. राखीव क्षेत्रात गोपे इथे ऐंशीच्या दशकात हिरे सापडले होते, २०१४ मध्ये खाण सुरू झाली आणि २०१७ मध्ये तोट्यामुळे थांबली, एवढं निश्चित. केवळ हिरेच कारण होते असं मी म्हणणार नाही. वन्यजीव पर्यटन आणि 'या लोकांना एका जागी बसवलं पाहिजे' ही राज्यकर्त्यांची पक्की समजूत, ही कारणंही तितकीच मोठी होती.

१०. सान लोकांना शिकारीची परवानगी आहे का?

देशागणिक नियम वेगळे. नामिबियातल्या न्याय न्याय संरक्षण क्षेत्रात (१९९८ मध्ये देशात सर्वांत आधी नोंदलं गेलेलं) जुहोआन्सी धनुष्यबाणासारख्या पारंपरिक हत्यारांनी कायदेशीर शिकार करू शकतात. परदेशी हौशी शिकाऱ्यांकडून येणारी रक्कम सभासदांना रोखीत वाटली जाते. शेजारच्या अनेक राखीव भागांत हीच शिकार केली तर अटक होते.

बोट्सवानात जानेवारी २०१४ मध्ये शिकार बंद झाली. पोटासाठी शिकार करणारे आणि शौकासाठी येणारे एकाच बंदीत आले. मे २०१९ मध्ये बंदी उठली, पण उठल्यानंतरची व्यवस्था मुख्यतः परवाने आणि हत्तींच्या कोट्याभोवती फिरते. २००६ च्या निकालात सानांना शिकारीचे परवाने नाकारणं बेकायदेशीर ठरलं होतं, हे लक्षात घेतलं की बंदीचा घाव कळतो.

११. सान लोक लष्करात होते, हे कसं काय?

१९७४ पासून दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराने अंगोला सीमेवरच्या लढाईसाठी खुन आणि ख्वे पुरुषांना माग काढणारे म्हणून घेतलं. बरेच जण अंगोलातून जीव वाचवून आलेले होते आणि पगार हे एकमेव साधन होतं. १९९० मध्ये नामिबिया स्वतंत्र झाल्यावर सूडाच्या भीतीने काही हजार माणसं दक्षिण आफ्रिकेत नेली गेली. श्मिट्सड्रिफ्टमध्ये ती वर्षानुवर्षं लष्करी तंबूंत राहिली, मग किंबर्लीजवळच्या प्लाटफोंटेनला घरं मिळाली. तिथून आज खुन आणि ख्वे भाषांत रेडिओ चालतो.

१२. मुलं शाळा मधेच का सोडतात?

शाळा दूर असते, म्हणून सहा-सात वर्षांचं मूल वसतिगृहात जातं. तिथली भाषा त्याची नसते. मोठ्या जमातींची मुलं त्याला हिणवतात, मारही बसतो. सान घरांत मुलांवर हात उगारणं अगदी क्वचित, त्यामुळे हा धक्का जबर असतो. मूल पळून घरी येतं आणि आईवडील त्याला परत ढकलत नाहीत. यालाच अहवालांत 'पालकांची अनास्था' म्हणतात, ते मला अन्यायाचं वाटतं. न्याय न्यायमध्ये नव्वदच्या दशकापासून गावातच पहिल्या तीन इयत्ता जुहोआन्सी भाषेत शिकवणाऱ्या शाळा चालतात. तिथे मुलं येतात. अडचण चौथीत त्सुमक्वेला जाताना सुरू होते.

१३. त्यांच्या भाषेतले ते टिचकीसारखे आवाज आपल्याला काढता येतात का?

येतात, आपण रोज काढतो. वाईट बातमी ऐकून चुकचुकतो तो एक, बैल हाकताना गालाच्या कडेने काढतो तो दुसरा. आपल्याकडे ते शब्दांत येत नाहीत, त्यांच्याकडे ती व्यंजनं आहेत. देवनागरीत त्यांना चिन्हं नाहीत, म्हणून या पानावरची नावं अपुरीच उमटली आहेत. नुऊ भाषा अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती म्हणून काट्रिना इसाउ ओळखल्या जातात. १९३३ साली जन्मलेल्या या आजींनी दक्षिण आफ्रिकेतल्या अपिंग्टनमध्ये घराजवळच मुलांना ही भाषा शिकवली. त्या लहान असताना मळेवाले ही भाषा बोलू देत नसत.

१४. त्यांच्या वनस्पतीज्ञानाचे पैसे त्यांना मिळतात का?

थोडे, आणि भांडून. शिकारीला जाताना भूक मारायला सान हूडिया या निवडुंगासारख्या वनस्पतीचं खोड चघळतात. १९९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी संशोधन संस्थेने त्यातल्या घटकाचं पेटंट घेतलं, सानांना न विचारता. परवाना घेतलेल्या ब्रिटिश कंपनीच्या प्रमुखाने तर हे लोक आता उरलेले नाहीत अशी आपली समजूत असल्याचं सांगितलं. २००३ मध्ये नफ्यातल्या वाट्याचा करार झाला, पण मोठ्या कंपन्या एकामागून एक बाहेर पडल्या आणि हाती फारसं काही आलं नाही. त्या लढ्यातला अनुभव मात्र रॉयबॉस चहाच्या वेळी कामी आला. २०१९ च्या करारानुसार उत्पादकांकडून घेतल्या जाणाऱ्या मालाच्या किमतीवर दीड टक्का खोई (तिथले मूळचे पशुपालक) आणि सान समूहांना मिळतो.

१५. आपल्याकडच्या फासेपारध्यांशी किंवा कातकऱ्यांशी तुलना करता येईल का?

काही बाबतींत येईल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारध्यांवर शिक्का बसला आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांचा धंदा गुन्हा ठरला. शिकार हेच 'गुन्हेगारी' ठरणं सानांच्या वाट्यालाही आलं. योगायोग असा, की कलहारीचा निकाल आला त्याच डिसेंबर २००६ मध्ये आपल्या संसदेत वनहक्क कायदा मंजूर झाला, आणि २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला. आपले सगळे नागरिक इथलेच मूळचे, ही भूमिका बोट्सवाना घेतो आणि भारतही घेतो. फरक मोठा आहे तो कायद्यात. आपल्याकडे अनुसूचित जमातींसाठी राखीव जागा आहेत, बोट्सवानात सानांसाठी तसं काही नाही. पारधी अनेक शतकं गावगाड्याच्या कडेने जगले. मध्य कलहारीत तसा गावगाडाच नव्हता, त्यामुळे तुलना याच्या पुढे ताणू नये.

१६. त्यांना पुन्हा जुन्यासारखं जगायचं आहे का?

मध्य कलहारीत परतलेल्यांनी कोर्टात पाण्याची कूपनलिका मागितली (प्रश्न ९). त्यांना दवाखाना हवा आहे, मुलांसाठी शाळा हवी आहे, फोन हवा आहे. आणि हे सगळं आपल्या पूर्वजांच्या थडग्यांपासून दूर न जाता हवं आहे. न्यू झादेत घर आहे, नळ आहे, पण काम नाही. दिवसभर बसून राहणं आणि त्यातून येणारी दारू याविषयी तिथली माणसंच सर्वांत कडवटपणे बोलतात. दुसरीकडे अनेक तरुणांना शहरातच राहायचं आहे. त्यांना 'तू खरा सान उरला नाहीस' असं सांगण्याचा हक्क कोणालाच नाही.

१७. आम्ही नामिबिया किंवा बोट्सवानाला फिरायला जाणार आहोत. सान वस्तीला भेट द्यावी का?

द्यावी, पण पाहून. चामड्याचे कपडे ते पाहुण्यांसाठी घालतात. रोज ते टी-शर्ट आणि फ्रॉकमध्ये असतात. यात फसवणूक नाही, तो त्यांचा कामाचा वेश आहे. नामिबियात ग्राशूक इथे २००४ पासून जुहोआन्सी स्वतः चालवतात ते 'जिवंत संग्रहालय' आहे. तिथे दर फलकावर लावलेले असतात आणि रानात फिरवणारा माणूस कंद खणून दाखवतो. लॉजच्या आवारात होणाऱ्या कार्यक्रमाबद्दल मात्र नाचणाऱ्यांना किती मिळतात ते व्यवस्थापकाला सरळ विचारावं. फोटो विचारूनच काढावा, विशेषतः रात्रीच्या उपचारनृत्याचा. ते आजारी माणसासाठी असतं.

अभ्यासासाठी जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट पाळावी लागते. २०१० मध्ये काही सान वृद्धांचा जनुकीय आराखडा समाजाच्या संस्थांना न विचारता प्रसिद्ध झाला. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतल्या सान संघटनांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली. मुलाखत, रक्ताचा नमुना किंवा चित्रीकरण, काहीही करायचं असेल तर प्रस्ताव आधी सान परिषदेकडे द्यायचा आणि काम झाल्यावर त्याचा निष्कर्ष त्यांना कळेल अशा भाषेत परत द्यायचा.